शुगर वर आली, पण इन्सुलिन संपलं नव्हतं: एका ओव्हरडोसचे चार दिवस

ही केस लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण औषधं, आकडे, वेळा आणि आमच्याकडून झालेली एक चूक जशी झाली तशीच ठेवलीय, कारण ती चूकच मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

पेशंट पुरुष, वय ५८, टाईप २ डायबेटिस सोळा वर्षांपासून. रात्री ग्लार्जिन, म्हणजे सावकाश दिवसभर चालणारं इन्सुलिन, २८ युनिट आणि जेवणाआधी थोडं थोडं ॲस्पार्ट, म्हणजे झटपट चालणारं इन्सुलिन. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू होतं. किडनी बऱ्यापैकी थकलेली, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३४. हे सगळं आत्ता एका ओळीत लिहिलं, पण त्या पहाटे ते कॅज्युअल्टीत आले तेव्हा यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की बायको सांगत होती, "डॉक्टर, यांना पॅरॅलिसिसचा झटका आलाय, उजवा हात हलत नाहीये." वेळ ५ वाजून २० मिनिटं.

आणि खरंच उजवा हात हलत नव्हता. डोळे मिटलेले, दुखेल असं दाबलं की डावा हात मागे ओढत होते, तोंडातून नुसते आवाज, शब्द एकही नाही. जीसीएस, म्हणजे शुद्धीचे १५ पैकी गुण, ७. रेसिडेंटने स्ट्रोकची टीम बोलवायला फोन उचलला होता, त्याची चूक नाही, चित्र स्ट्रोकचंच होतं. तेवढ्यात ट्रॉलीवर अंगातला शर्ट काढताना सिस्टरच्या हाताला तो ओलाचिंब लागला, पिळून काढावा इतका, आणि कुणी न सांगता तिने बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आलाच नाही, 'लो' आलं. बऱ्याच मीटरमधे २० च्या खाली गेलं की असंच येतं. शुगर खूप खाली गेली की मेंदूचा एखादा भाग आधी बंद पडू शकतो आणि ते हुबेहूब पॅरॅलिसिससारखं दिसतं, म्हणून अशा प्रत्येक पेशंटची शुगर स्कॅनच्या आधी बघायची असते, हे शिकवलेलं सगळ्यांना असतं पण धावपळीत राहतं.

मग जे करायचं ते केलं. शिरेत सुई लावतानाच रक्त काढून घेतलं: लॅब ग्लुकोज, पोटॅशियम, क्रिएटिनिन, आणि त्याचबरोबर इन्सुलिन, सी-पेप्टाईड, कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं हार्मोन), बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (चरबी जाळल्यावर बनणारं एक कीटोन). याला अर्धा मिनिट जास्त लागतो आणि हे रक्त नंतर परत मिळत नाही, कारण एकदा ग्लुकोज दिलं की शुगर कमी असतानाचा सॅम्पल गेला. पण सुई लागत नसेल, वेळ जात असेल, तर सॅम्पल गेला खड्ड्यात, आधी ग्लुकोज. १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, २५० एमएल पंधरा मिनिटांत सोडलं, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. ५० टक्केवालं ५० एमएल दिलं तरी २५ ग्रॅमच होतात, पण ते फार जाड असतं, शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी मरते, आणि शुगर एकदम उसळते. माझी पसंती १० टक्केलाच असते. शिर मिळालीच नसती तर ग्लुकॅगॉन १ मिलिग्रॅम स्नायूत दिलं असतं. अर्थात ग्लुकॅगॉन लिव्हरमधला साठा बाहेर काढतं, साठाच नसेल, म्हणजे पेशंट उपाशी असेल किंवा दारू जास्त झाली असेल, तर त्याचा भरवसा नाही.

५:४० ला शुगर १३१. डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं, उजवा हात उचलून नाकातली नळी काढायला गेले. ती माऊली रडायलाच लागली. लॅबचा रिपोर्ट नंतर आला, पहिली शुगर २२ होती.

इथे बरेच जण निवांत होतात. पेशंट बोलतोय, हात हलतोय, शुगर १३१, मग काय, थोडं खायला द्या, दोन तास बघा आणि घरी पाठवा. ६:०५ ला परत शुगर घेतली, ६१. पंचवीस मिनिटांत ७० ने खाली. रेसिडेंट म्हणाला बोलस, म्हणजे एकदम दिलेलं ग्लुकोज, उतरला असेल. उतरतोच, पण इतक्या वेगाने उतरतो म्हणजे आत कुणीतरी ते ग्लुकोज ओढून घेतंय. रोजचा २८ युनिट ग्लार्जिनचा डोस असं ओढत नाही. दुसरा बोलस दिला आणि १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० एमएलने चालू केलं, दर पंधरा मिनिटांनी शुगर.

आता प्रश्न हा की काय घेतलंय आणि किती. हा प्रश्न मी नेहमी दोनदा विचारतो, एकदा घरच्यांना आणि एकदा पिशवीला. मुलाला घरी पाठवलं आणि सांगितलं की घरात सापडेल ते सगळं घेऊन ये, पेनं, बाटल्या, रिकामी पाकिटं, कचऱ्याच्या डब्यातलं सुद्धा. तो तासाभरात आला. पिशवीत जुन्या गोळ्यांची ग्लिमेपिराईडची एक पट्टी होती, किडनीमुळे कधीच बंद केलेली, ती पूर्ण भरलेली, एकही गोळी गेलेली नाही. हे बघणं महत्त्वाचं होतं कारण ग्लिमेपिराईडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांनी शुगर पडली असेल तर ऑक्ट्रिओटाईड हे चांगलं काम करतं, ते स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं थांबवतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनवर त्याचा तसा काही इलाज चालत नाही, ते तर आधीच शरीरात पोचलेलं असतं.

आणि ग्लार्जिनचं पेन. पेनात ३०० युनिट असतात. बायको म्हणाली हे पेन परवाच नवीन काढलं. म्हणजे तीन रात्रींचे ८४ गेले असं धरलं तरी दोनशेच्या वर शिल्लक पाहिजे होते. मी पेन उजेडात धरलं तर आतला रबरी बूच पार टोकाला टेकलेला होता, काचेच्या नळीत एक थेंब नाही. रोजच्या डोसच्या सात-आठ पट औषध एका रात्रीत कुठेतरी गेलं होतं. पोट तपासलं तर बेंबीच्या डावीकडे दोन जागा फुगीर, बोटाला जराशा टणक लागत होत्या. तिथेच ते होतं.

ग्लार्जिन कसं काम करतं हे इथे सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते पेनात आम्ल द्रावणात विरघळलेलं असतं, पीएच साधारण ४. कातडीखाली गेलं की तिथल्या पीएचला ते विरघळून राहू शकत नाही, बारीक कण होऊन तिथेच बसतं, आणि त्या साठ्यातून थोडं थोडं रक्तात येत राहतं. पाकिटावर २४ तास लिहिलंय ते नेहमीच्या डोसचं. डोस सात-आठ पट झाला की साठा मोठा होतो, मोठ्या साठ्याचा पृष्ठभाग त्याच्या आकाराच्या मानाने कमी, त्या जागेतला रक्तपुरवठाही तेवढाच, त्यामुळे तो सावकाश विरघळत दोन, तीन, कधी चार दिवस चालतो. झटपट चालणाऱ्या ॲस्पार्ट किंवा लिस्प्रोचंही हेच, रोजच्या डोसला तीन ते पाच तास, पण भरपूर टोचलं तर त्याच्या कितीतरी पुढे खेचतं. डेग्लुडेक हे आणखी लांब चालणारं इन्सुलिन तर नेहमीच्या डोसलाच ४२ तासांच्या पुढे चालतं, त्याचा ओव्हरडोस म्हणजे आठवडाभराची तयारी ठेवा. वर किडनी. टोचलेलं इन्सुलिन स्वादुपिंडातल्या इन्सुलिनसारखं आधी लिव्हरमधून जात नाही, त्यामुळे ते साफ करण्यात किडनीचा वाटा मोठा असतो, आणि यांची किडनी अर्ध्याहून कमी चाललेली.

तर आयसीयूत घेतलं. पहिल्या दिवशी शुगर ६० ते ८० मधेच घुटमळत राहिली, डेक्स्ट्रोज तासाला १०० वरून १५० एमएल केलं, म्हणजे १५ ग्रॅम प्रतितास. शुद्धीवर आल्या आल्या आणि गिळणं तपासल्यावर खायला द्यायला सुरुवात केली, कारण तोंडाने जातं ते शिरेतून दिलेल्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. एक गोष्ट इथे सांगतो. घरून निघायच्या आधी शेजारच्या एका भल्या माणसाने बेशुद्ध असताना त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं होतं. उजव्या फुफ्फुसात खाली आवाज येत होते, दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला, एक्सरेत डाग, अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्या माणसाचा हेतू चांगला होता हो, पण जो गिळू शकत नाही त्याच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून ठेवायचं, घरात ग्लुकॅगॉन असेल तर ते द्यायचं आणि गाडी बोलवायची.

आता पोटॅशियम. शुगरच्या नादात हेच विसरलं जातं. इन्सुलिन ग्लुकोजबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलतं. आला तेव्हा ४.१ होतं, तिसऱ्या तासाला २.९. ईसीजीत क्यूटीसी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाला सावरायला लागणारा वेळ, लांबून ४९८, आणि यू वेव्ह, म्हणजे पोटॅशियम कमी झाल्यावर उठणाऱ्या जादा लाटा, दिसायला लागल्या. शुगर कमी आणि पोटॅशियम कमी, दोन्ही मिळून हृदयाचं ठोक्यांचं गणित बिघडवतात. आम्ही तासाला १० मिलिमोल या सावध वेगाने पोटॅशियम दिलं, मॉनिटरवर ठेवून, दर चार तासांनी तपासून. सावध का, तर हे पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नसतं, पेशीत लपलेलं असतं, इन्सुलिन ओसरलं की ते परत बाहेर येतं, आणि किडनी ते काढून टाकायला समर्थ नसेल तर मग उलटा घोटाळा. तिसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशियम बंद केलं तरी चौथ्या दिवशी ५.२ झालंच. आधी ४.५ करायच्या हट्टाने भरभरून दिलं असतं तर किती झालं असतं याचा मी विचार करत नाही. मॅग्नेशियम आणि फॉस्फेटही बघितलं, फॉस्फेट थोडं कमी होतं, तेवढं भरलं.

संध्याकाळी नवीनच प्रश्न. सोडियम १३९ होतं ते १३१ वर आलं. १० टक्के डेक्स्ट्रोजमधलं ग्लुकोज पेशी खातात आणि मागे उरतं ते नुसतं पाणी, तासाला १५० एमएल, दिवसभर. पायावर सूज, श्वास थोडा जड. रात्री ८ ला सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकली आणि २० टक्के डेक्स्ट्रोज तासाला ७५ एमएल केलं. ग्लुकोज तेच १५ ग्रॅम, पाणी निम्मं. २० टक्के हाताच्या बारीक शिरेत तासन्‌तास चालवता येत नाही, शीर जळते, म्हणून लाईन. हे आम्ही चार-पाच तास आधी करायला हवं होतं असं आता वाटतं.

शुगरचं टार्गेट आम्ही १०० ते १८० ठेवलं. काहीजण घाबरून २५०-३०० वर ठेवतात की पडायलाच नको. टाईप २ मधे स्वादुपिंड पूर्ण मेलेलं नसतं, शुगर उगाच वर नेली की ते स्वतःचं इन्सुलिन ओततं आणि आधीच्या इन्सुलिनमधे भर पडते, मग परत शुगर पडते, परत बोलस, परत उसळी. हा झोपाळा एकदा सुरू झाला की थांबवायला फार त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सगळं सुंदर दिसत होतं. शुगर १४२, १५८, १५१. जेवत होते, मुलाशी बोलत होते. आणि इथे मी चुकलो. राउंडला मी म्हणालो ४० तास होत आले, २४ तासांचं औषध आहे, आता संपलं असणार, डेक्स्ट्रोज कमी करत आणा आणि रात्रीपर्यंत बंद करा. ४ वाजता कमी करायला घेतलं, ८ ला बंद. वर शुगरची तपासणी दर तासावरून दर चार तासांवर नेली. साठ्याची वगैरे सगळी माहिती मला होती, वर लिहिलीच आहे, तरी पाकिटावरचा आकडा डोक्यात घट्ट बसलेला असतो आणि चांगले रिपोर्ट बघितले की माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. खरं तर ती १५१ शुगर इन्सुलिन संपल्यामुळे नव्हतीच, ती तासाला १५ ग्रॅम ग्लुकोजमुळे होती.

रात्री सव्वादोनला, टोचल्यापासून साधारण ५१ तासांनी, नाईटच्या सिस्टर दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलून परत येत होत्या. यांच्या कपाळाला मॉनिटरच्या उजेडात काहीतरी चकाकलं म्हणून थांबल्या. हात लावला तर घाम. हार्ट रेट ७२, थरथर नाही, काही नाही, मॉनिटरच्या हिशोबाने झकास चाललेला पेशंट. तपासणी चारला होती. त्यांनी तेव्हाच केली. ४३. हाक मारली तर उत्तर आलं पण वेडंवाकडं.

मेटोप्रोलॉल. हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध, आणि ते चालू असताना शुगर पडल्यावर होणारी धडधड आणि थरथर दबून जाते. घाम दबत नाही, कारण घामाची वाट वेगळ्या नसांची आहे. त्या माणसाकडे धोक्याची एकच घंटा उरली होती आणि ती ऐकणारी एक बाई जागी होती. सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं तर काय झालं असतं हे लिहायची गरज नाही. शुगर फार खाली आणि फार वेळ राहिली की मेंदूचं नुकसान कायमचं होतं, मग ग्लुकोज ओतूनही माणूस पहिल्यासारखा होत नाही.

बोलस दिला, २० टक्के परत चालू, तासाला शुगर. आणि यावेळी नियम ठरवून घेतला जो मी तेव्हापासून पाळतो. शुगर १८० च्या वर सलग काही तास राहिली तरच डेक्स्ट्रोज कमी करायचं, एकावेळी पावपट, प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन तास दम धरायचा, आणि शेवटची पायरी दिवसाउजेडी उतरायची, जेव्हा माणसं जास्त असतात. बंद केल्यावरही पूर्ण एक दिवस दर एक-दोन तासांनी शुगर, त्यात एक अख्खी रात्र यायलाच पाहिजे. अशा हिशोबाने डेक्स्ट्रोज शेवटी चौथ्या दिवशी दुपारी बंद झालं. टोचल्यापासून ८५ तास.

सीजीएम, म्हणजे सतत शुगर मोजणारं सेन्सर, लावा ना, असं मुलाने विचारलं होतं, चांगला प्रश्न आहे. दंडावरचं सेन्सर पेशींमधल्या द्रवाची शुगर बघतं, रक्ताच्या मागे पाच-पंधरा मिनिटं चालतं, आणि शुगर वेगाने पडत असताना तेवढा उशीर महागात पडतो. कल बघायला ठीक, निर्णय बोटाच्या किंवा लॅबच्या रक्तावर.

मधल्या काळात ते पहिल्या मिनिटाला काढलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले आणि रेसिडेंट गोंधळला. सी-पेप्टाईड कमी, बरोबर आहे. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर तितकंच सी-पेप्टाईड सुटतं, टोचलेल्या इन्सुलिनात ते नसतं. पण इन्सुलिनही कमी आलं! मग शुगर पाडली कुणी? तो कॉर्टिसॉलकडे, लिव्हरकडे वळायला लागला. कॉर्टिसॉल ३१, म्हणजे अशा ताणात असायला पाहिजे तसं भरपूर, ते बनवणारी ॲड्रिनल ग्रंथी ठीक. उत्तर बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटमधे होतं. शुगर २२ असताना शरीराने कीटोन बनवायला घ्यायला हवे होते, ते जवळपास शून्य होते. कीटोन असे दाबून ठेवायचं काम इन्सुलिनचं. लॅबला फोन केला तर कळलं त्यांच्या मशीनची टेस्ट मानवी इन्सुलिन ओळखते, ग्लार्जिनसारखी बदललेली इन्सुलिन तिला नीट दिसतच नाहीत. म्हणून रिपोर्टात इन्सुलिन कमी आलं तरी इन्सुलिन नव्हतं असं धरायचं नाही, तुमच्या लॅबची टेस्ट काय पकडते ते आधी विचारा. आमच्याकडे रिकामं पेन होतं म्हणून उपचार अडले नाहीत, ते नसतं तर हा रिपोर्ट भलत्याच रस्त्याला घेऊन गेला असता.

टोचलेली जागा कापून काढायची का, हेही कुणीतरी विचारलं. तसं केल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत. आमच्याकडे डेक्स्ट्रोजवर शुगर राहत होती, चाकू लावायची गरज नव्हती. डायलिसिसचाही यात फायदा नसतो.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायला जड जातं ती. पहिल्या दिवसापासून ते म्हणत होते, "हात चुकला, डॉक्टर, अंधारात आकडा दिसला नाही." बायकोही तेच म्हणत होती. पण पेनात एका वेळी ठराविकच युनिट फिरतात, नळी रिकामी व्हायला परत परत डायल फिरवावं लागतं, आणि पोटावर दोन जागा होत्या. मला हे पहिल्याच सकाळी दिसलं होतं आणि तरी मी दोन दिवस विचारलं नाही. आधी शुगर सांभाळू, मग बघू, असं स्वतःला सांगत राहिलो. त्या दोन दिवसांत काय झालं माहितीये? तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने बेडखालची पिशवी नीट लावायला घेतली तर त्यात त्यांचं ॲस्पार्टचं पेन होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. मुलाने घरून आणलेल्या सामानात आलं होतं आणि तिथेच राहिलं. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. पण ते त्यांच्या हाताच्या अंतरावर अठ्ठेचाळीस तास पडून होतं. मुलाने आणलेल्या सगळ्या औषधांची यादी करून ती कुलपात ठेवायची, हे पहिल्या तासाचं काम होतं.

त्या दिवशी दुपारी बायकोला जेवायला पाठवलं, पडदा ओढला, खुर्ची घेऊन बसलो. "काका, पेन पूर्ण रिकामं होतं. हात एकदा चुकतो. सरळ विचारतो, जगू नये असं वाटलं होतं का?"

बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही विचारत नव्हता तेव्हा वाटलं बरं झालं, कुणाला कळलं नाही." मग थांबून, "आणि वाईटही वाटलं."

तीन आठवड्यांपूर्वी किडनीच्या तपासणीत त्यांना पुढेमागे डायलिसिस लागेल असं सांगितलं गेलं होतं. घरच्यांना त्यांनी रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून सांगितलं. सोळा वर्षं सुया, मोजमाप, पथ्य, आणि शेवटी हे, असं त्यांचं म्हणणं. मधुमेहाबरोबर डिप्रेशन जास्त आढळतं हे आपण वाचतो, पण ओपीडीत शुगरचा तक्ता बघताना मान वर करून "मन कसं आहे" विचारणारे किती असतात, मीही नव्हतो. आणि विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट माणूस मोकळा होतो. त्यांनी स्वतःच मग म्हटलं की हे बायकोला तुम्ही सांगा, मला जमणार नाही. आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती काही बोलली नाही, त्यांचा हात धरून बसली.

सायकियाट्रिस्ट त्याच दिवशी आल्या. चोवीस तास कुणीतरी शेजारी, एकटं सोडायचं नाही. डिप्रेशनचं औषध किडनी आणि क्यूटी बघून निवडलं. डायलिसिस म्हणजे नेमकं काय, कधी लागू शकतं, लगेच नाही, हे नेफ्रोलॉजिस्टने तासभर बसून समजावलं. त्या तासाचा उपयोग सगळ्या औषधांपेक्षा जास्त झाला असं मला वाटतं.

पाचव्या दिवशी शुगर २४० च्या आसपास गेली आणि परत तोच प्रश्न, इन्सुलिन कधी चालू करायचं. ओव्हरडोसनंतर सगळ्यांनाच इन्सुलिनची भीती बसते आणि ते लांबवलं जातं. टाईप १ मधे हे फार धोक्याचं, साठा संपला की काही तासांत कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्ल होणं, सुरू होऊ शकतो, तिथे शुगर चढायला लागली की बेसल, म्हणजे सावकाश चालणारं इन्सुलिन, लगेच थोड्या डोसने परत आणायचं. यांना टाईप २ आहे म्हणून एक दिवस थांबता आलं, मग ग्लार्जिन १२ युनिटने सुरुवात, सकाळी, बायकोच्या हाताने. २८ तसेही या किडनीला जास्तच होते. जेवणाआधीचं ॲस्पार्ट काढून टाकलं, पथ्य आणि किडनीला चालणारी एक गोळी दिली. एका वेळी घरात एकच पेन, ते बायकोकडे कुलपात. ग्लुकॅगॉन घरी, ते कसं द्यायचं हे बायको आणि मुलगा दोघांकडून आमच्यासमोर करून घेतलं. सातव्या दिवशी पहिली फेरी सायकियाट्रिस्टकडे, तारीख हातात देऊनच घरी सोडलं. जाताना स्मरणशक्तीची छोटी तपासणी केली, शब्द, तारखा, वजाबाकी, सगळं जागच्या जागी.

आणि हो, सगळे ओव्हरडोस घरी होत नाहीत. आमच्याच क्षेत्रात 'यू' असं एक अक्षर लिहिलं आणि ते शून्य वाचलं गेलं की १० चे १०० युनिट होतात, म्हणून 'युनिट' पूर्ण लिहायचं. १०० ताकदीच्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट जातं. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज दिलं की डेक्स्ट्रोज आधी संपतं आणि किडनीच्या पेशंटमधे इन्सुलिन मागे राहतं, अशांची शुगर सहा तास तरी बघत राहावी लागते. या चुका करणाऱ्यांना ओरडण्यापेक्षा त्या लगेच सांगता येतील असं वातावरण ठेवलं तर पेशंट वाचतो, कारण उशिरा कळलेला ओव्हरडोस जास्त घातक.

सहा आठवड्यांनी दोघं ओपीडीत आले. उपाशीपोटी शुगर १२८, पोटॅशियम ४.४. वजन दोन किलो वाढलेलं. सायकियाट्रिस्टच्या तिन्ही तारखा पाळलेल्या. वही उघडली तर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांमधे रोज एक आकडा पहाटे ३ चा. मी म्हटलं ताई, ही वेळ आम्ही लिहून दिली नव्हती. त्या म्हणाल्या, अलार्म लावते, मीटर लावते आणि कपाळाला हात लावून बघते, मग झोप लागते. या डोसवर त्याची गरज नाही हे मला माहीत होतं, पण अलार्म बंद करा असं काही मी त्यांना म्हणालो नाही.